तारखेचा आकडा जरासा डावीकडे

पुण्यात लक्ष्मी रोडच्या आतल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत घड्याळदुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक टेबल, एक दिवा आणि काका. पाच वर्षांपूर्वी मी तिथे घड्याळाच्या पट्ट्याच्या दोन कड्या काढून घ्यायला गेले होते. चार महिने सैल पट्टा तसाच वापरत होते, शेवटी कंटाळले. घड्याळ रोलेक्सच्या 'सबमरिनर' या मॉडेलची फर्स्ट कॉपी, म्हणजे नक्कल होतं. विकणाऱ्याने तसं सांगूनच दिलं होतं, आणि काकांना तर हातात घेताक्षणी कळलं. कड्या काढून झाल्यावर त्यांनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "ताई, मशीन बरं आहे. फक्त तारीख बघा, खिडकीत जरा डावीकडे बसलीय."

मी पाहिलं. २३ तारीख होती. दोनचा आकडा खिडकीच्या कडेला टेकायला आलेला, आणि तीनच्या उजव्या बाजूला नखाएवढीही नाही अशी पांढरी मोकळी फट. चार महिने ते घड्याळ रोज माझ्या हातात होतं. त्या खिडकीत मी शंभरदा तरी तारीख पाहिली असेल. ही फट कधी दिसली नव्हती.

दुकानातून निघून कुंटे चौकापर्यंत येईतो मी सहा-सात वेळा मनगट वळवलं, आणि एकदाही वेळ बघितली नाही. तारीखच बघितली.

घड्याळात तर काहीच बदललं नव्हतं. मशीन तेच, काच तीच, पैसेही तेवढेच गेलेले. बदललं ते माझ्या बाजूला. नक्कल घड्याळं जमवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. खोट कळली की आनंद का ओसरतो, आणि कधीकधी तीच खोट कळल्यावर उलट वाढतो कसा, हे मी तेव्हापासून समजून घेते आहे. जे समजलं ते इथे मांडते.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सेव्हन ए हे बाजारातले शब्द आहेत. त्यांच्यामागे कुठलंही प्रमाण नाही, विकणारा म्हणेल ती प्रत. दुसऱ्याच्या नावाचा खोटा शिक्का मारलेला माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा १९९९ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. आणि नक्कल अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात मारणं ही तर सरळ फसवणूक. त्या व्यवहाराची बाजू मी घेत नाही. मी बोलते आहे ते ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की आपल्या हातात नक्कल आहे, त्याच्याबद्दल. त्याला तर सगळंच ठाऊक असतं. मग तारखेचा आकडा डावीकडे आहे एवढं कळल्याने त्याचं काय बिघडतं?

डोळा काय करतो

अकरावीच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर आठवा. मुख्य पट्टीच्या रेषा एक मिलिमीटर अंतरावर असतात, पण सरकत्या पट्टीची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते एवढं पाहून आपण मिलिमीटरचा दहावा भाग मोजत होतो. ही युक्ती चालते कारण आपला डोळा एका कामात विलक्षण तयार आहे. दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत, हे त्याला फार बारीक कळतं.

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढं अंतर लागतं. मनगट डोळ्यांपासून तीस सेंटीमीटरवर धरलं तर हे अंतर जवळपास ०.०९ मिलिमीटर भरतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. त्याहून बारीक तपशील भिंगाशिवाय कळत नाही. पण रेघ सरकलेली आहे का हे ओळखण्यात तोच डोळा याच्या पाच ते दहापट तीक्ष्ण ठरतो. शास्त्रज्ञ या क्षमतेला व्हर्नियरचंच नाव देतात.

आता नक्कल घड्याळांतल्या खोटी या मापाने पाहा. अक्षरांची जाडी थोडी कमीजास्त, काळ्या रंगाची छटा किंचित निराळी, किल्लीवर कोरलेला मुकुट जरा उथळ: यातलं काहीही अस्सल घड्याळ शेजारी ठेवल्याशिवाय शंभरातल्या नव्वद जणांना कळणार नाही. पण तारीख खिडकीच्या मधोमध नसणं, बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कडीवरचा, रेडियमचा ठिपका बाराच्या खुणेसमोर नसणं, सहाची खूण तिरकी असणं हे सगळे रेघ जुळण्याचे मामले आहेत. सबमरिनरचं बेझल एका फेरीत १२० टिचक्या घेतं, म्हणजे एक टिचकी तीन अंशांची. बेझल अर्ध्या टिचकीने चुकलं तर चाळीस मिलिमीटर व्यासाच्या कडेवर ते अर्धा मिलिमीटर सरकतं. डोळ्याच्या हिशेबात अर्धा मिलिमीटर म्हणजे डोंगर.

घड्याळाच्या काचेवर तारखेपुढे बसवलेल्या भिंगाचं प्रकरण आणखी नाजूक आहे. अस्सल घड्याळात ते तारीख अडीच पट मोठी दाखवतं. लेन्सची गोलाई आणि तिच्याखाली तारखेच्या चकतीपर्यंतचं अंतर ही दोन्ही मापं जुळली तरच अडीच पट मिळतं. स्वस्त नकलेत ते क्वचित जुळतं, म्हणून तारीख लहान दिसते. आणि चकती सरकलेली असेल तर तेच भिंग तिचं सरकणंही मोठं करून दाखवतं. माझ्या घड्याळात हेच झालं होतं.

इतकं जर डोळ्याला कळतं, तर मला चार महिने का कळलं नाही? कारण घड्याळाकडे पाहताना मनात प्रश्न असतो, "किती वाजले?" डोळा त्या प्रश्नाचं उत्तर आणून देतो आणि बाकीचं सोडून देतो. काकांनी माझ्या मनात दुसरा प्रश्न ठेवला, "तारीख मधोमध आहे का?" आणि एकदा ठेवलेला असा प्रश्न काढून घेता येत नाही. तुम्ही ते काळ्या ठिपक्यांचं प्रसिद्ध चित्र पाहिलं असेल. आधी नुसते शिंतोडे दिसतात, मग कुणीतरी सांगतं की जमिनीचा वास घेत चाललेला ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा आहे, आणि मग जन्मभर कुत्राच दिसतो. खोटीचं ज्ञान असंच एकेरी रस्त्याचं असतं.

कधी कळलं, यालाही महत्त्व आहे

२००६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी केलेला एक प्रयोग मला या बाबतीत फार उपयोगी वाटतो. त्यांनी लोकांना दोन बिअर चाखायला दिल्या. एक साधी, दुसरीत बाल्सामिक व्हिनेगरचे काही थेंब. काही जणांना व्हिनेगरचं सांगितलंच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवाली बिअर जास्त आवडली. काहींना चाखण्याआधी सांगितलं. त्यांची पसंती एकदम घसरली. आणि काहींना चाखल्यानंतर, पण मत द्यायच्या आधी सांगितलं; त्यांची पसंती जवळपास न सांगितलेल्यांएवढीच राहिली. म्हणजे आधी कळलेली खोट चवीतच उतरते. चव घेऊन झाल्यावर कळलेली खोट तिला फारसं मागे जाऊन बिघडवत नाही.

हे वाचल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं, कारण मी तर चार महिने चव घेतली होती. पण बिअर पिऊन संपते. घड्याळ दिवसात चाळीस-पन्नास वेळा पाहिलं जातं, आणि प्रत्येक पाहणं हा नवा घोट असतो. काकांनी सांगितलं ते आधीच्या चार महिन्यांच्या नंतर होतं खरं, पण पुढच्या प्रत्येक घोटाच्या आधी होतं. मागचा आनंद शाबूत राहिला. आजही ते चार महिने आठवले की छान वाटतं. पुढचा मात्र पार आंबून गेला.

याचा एक व्यावहारिक अर्थ मला लागला. घ्यायच्या आधी खोट कळली आणि तरी आपण ते घड्याळ घेतलं, तर ती खोट सौद्याचा भाग होते. किंमत ठरवताना आपण तिला धरलेलंच असतं. सगळ्यात वाईट काळ म्हणजे घेतल्यानंतरचे पहिले काही आठवडे. पैशांची कळ ताजी असते, परत करता येईल का हा विचार चालू असतो आणि वस्तूशी नातं जमलेलं नसतं. त्या दिवसांत कळलेली खोट वस्तूपेक्षा आपल्या निवडीलाच झोंबते.

त्यातून नकलेला आणखी एक फास असतो. आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. नक्कल घालणारा मूठ झाकूनच हिंडत असतो. मग जी खोट त्याला कळते, ती त्याच्या लेखी मुठीतली फट होते. इथून कुणाला तरी दिसेल, असं त्याला वाटत राहतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून लोकांसमोर पाठवलं होतं. त्यांचा अंदाज होता की जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असणार. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच आला होता. मी त्या महिन्यांत ऑफिसात हात टेबलावर ठेवताना तारखेची बाजू नकळत बाहीखाली घ्यायचे. कुणी पाहतही नव्हतं.

लग्नात एक ग्रॅम सोन्याचा हार घालणारी बाई बघा. तिची अशी घालमेल होत नाही. कुणी विचारलं तर तीच आधी सांगते, "अगं, एक ग्रॅमचा आहे, तुळशीबागेतून घेतलाय, कसा दिसतोय सांग." मूठ तिने आपणहून उघडलेली असते. मग हाराची कडी जरा पिवळी कमी आहे हे कळून तिचा आनंद कमी व्हायला जागाच राहत नाही, कारण तिचा आनंद फसवण्यावर उभा नसतो. मीही एक दिवस ऑफिसात सांगून टाकलं की ही कॉपी आहे. बाही वर राहायला लागली. तारीख डावीकडे दिसायची ती दिसतच होती, पण खुपण्यातला निम्मा भाग त्या दिवशी गेला.

चूक तीच, पण कशाची

राहिलेल्या निम्म्याबद्दल मला बराच विचार करावा लागला. कारण चुका तर संग्राहकांना आवडतातही. १८५४ साली भारतात चार आण्याचं तिकीट छापताना काही प्रतींवर राणी व्हिक्टोरियाचं डोकं उलटं छापलं गेलं. आज ते जगातल्या अत्यंत मौल्यवान तिकिटांत मोजलं जातं. घड्याळांतही उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली जुनी तबकडी असेल तर संग्राहक तिला ट्रॉपिकल म्हणतात आणि चांगल्या तबकडीपेक्षा जास्त पैसे मोजतात. रंग उडणं हा दोषच की! मग तो दोष गोड का लागतो?

मला वाटतं, खोट दिसली की आपण मनात विचारतो, "ही इथे कशी आली?" तपकिरी तबकडीचं उत्तर आहे ऊन, समुद्र, वर्षं. उलट्या राणीचं उत्तर आहे छापखान्यातली एक दुपार. दोन्ही उत्तरं त्याच वस्तूच्या आयुष्यात घेऊन जातात. माझ्या तारखेच्या फटीचं उत्तर मात्र एवढंच होतं की हे अस्सलासारखं करायला निघाले आणि तेवढं जमलं नाही. ते उत्तर मला दुसऱ्याच घड्याळाकडे नेत होतं, जे माझ्याकडे नाही आणि कदाचित कधी नसेल. दिवसातून पन्नास वेळा.

हे नुसतं तर्काने सुचलेलं नाही. त्याच घड्याळाची दुसरी खोट मला आवडायला लागली होती, तिच्यावरून लक्षात आलं. लोक म्हणतात, अस्सल रोलेक्सचा सेकंदकाटा तरंगत जातो आणि नकलेचा टकटक उड्या मारतो. सेलवरच्या नकलांपुरतं ते खरं. पण ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी नक्कलही तरंगल्यासारखीच दिसते. फरक ठोक्यांचा असतो. आजच्या सबमरिनरचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. माझ्यातलं स्वस्त मशीन तासाला २१,६०० देतं, म्हणजे सेकंदाला सहा. काट्याची पावलं त्यामुळे जरा मोठी पडतात. हे कळल्यावर एका रात्री सगळे झोपल्यावर मी घड्याळ कानाशी धरलं. सहा वेगळे मोजता येत नाहीत, पण लय ऐकू येते. मग आजोबांच्या चावीच्या एचएमटीची ऐकली. तिचं मशीन तासाला १८,००० चं, सेकंदाला पाच. एक जण झपाझप चालतोय, दुसरा सावकाश. त्या दिवसापासून हा कमीपणा मला कमीपणा वाटेना. त्याने मला झाकणाच्या आत नेलं होतं. केसासारखी बारीक स्प्रिंग, डुलणारं चक्र, लंगर यांच्याकडे.

एचएमटीचा विषय निघालाच आहे तर. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथून मी एक 'जनता' घेतली. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ साली सरकारने तो घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं. त्यामुळे आता नवं घड्याळ म्हणून जे चकचकीत मिळतं, त्यातलं बरंचसं जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली तबकडी बसवलेलं असतं. मला विकणाऱ्याने ओरिजिनल म्हणून शपथ घेतली होती. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर 'जनता'ची शिरोरेघ 'न'नंतर तुटलेली, आणि मिनिटांचे ठिपके तीनच्या खुणेला चुकवून गेलेले. काकांनी मागचं झाकण उघडलं. सतरा माणकांचं मशीन खरं निघालं, झाकण दुसऱ्याच मॉडेलचं.

त्या वेळी मला राग आला, आणि तो राग योग्यच होता असं मी आजही म्हणेन, कारण तिथे खोट लपवली होती. पण काही महिन्यांनी ती शिरोरेघ बघता बघता माझ्या मनात आलं की हे अक्षर कुणीतरी हाताने बसवलंय. त्याला देवनागरी येत असेल का? की त्याने चित्रासारखं उतरवलं? आता ती रेघ दिसली की मला तो माणूस आठवतो, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. किंमत जास्त गेली ती गेलीच. तबकडी मात्र मला परकी वाटत नाही.

सबमरिनरच्या नकलेचं बेझलही वाकडं होतं, हे मला तारखेनंतर दोन आठवड्यांत दिसलं. खोट शोधायची नजर एकदा आली की ती एका खोटीवर थांबत नाही. यावर अनेक जण उपाय करतात तो म्हणजे याहून चांगली कॉपी घेणं. त्यात तारीख मधोमध असते, मग अक्षरांची जाडी दिसते, मग तिसरी कॉपी. नजर विकत घेतलेल्या वस्तूबरोबर बदलत नाही, ती आणखी धारदार होत जाते. असे दहा-बारा खोके घरात असलेले आणि एकही घड्याळ मनापासून न घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल खरोखर वाईट वाटतं. कारण ते लोक फार बारकाईने पाहणारे आहेत. हौसेला ज्या गुणाने खतपाणी मिळायला हवं, त्याच गुणाने त्यांची हौस मारली.

मी बेझलवर दुसरा उपाय केला. त्यावरची काळी चकती नुसती चिकटवलेली होती. केस वाळवायच्या ड्रायरने गोंद सैल केला, लाकडी टूथपिकने चकती केसभर ढकलली, भिंगातून पाहिलं, पुन्हा ढकलली. पाऊण तास गेला. ठिपका बाराच्या समोर आला. आपण स्वतः जोडलेल्या वस्तूला आपण जास्त मोल देतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, लोकांना फर्निचरच्या दुकानातली खोकी जोडायला देऊन केलेल्या प्रयोगांतून दाखवलं गेलं आहे. बेझलवर आता माझी पाऊण तासाची मेहनत आहे, म्हणून ते घड्याळ माझं जास्त आहे. तारखेची चकती सरळ करायला तबकडी उतरवावी लागेल. काका करून द्यायला तयार आहेत. मी अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा लिफ्टमध्ये भेटला. मनगट पुढे केलं. नवी सबमरिनर, हिरवं बेझल. "ताई, तुम्हाला कळतं ना यातलं? कसं आहे? कॉपीच आहे, पण भारी आहे ना?" चेहरा असा फुललेला. मी हात धरून पाहिलं. ठिपका बारापासून अर्धी टिचकी उजवीकडे होता आणि तारखेचं भिंग जेमतेम दीडपट मोठं करत होतं. तळमजला यायच्या आत मला ठरवायचं होतं.

मी म्हटलं, "छान आहे. हे बघ, मला यातल्या चार-पाच गोष्टी माहीत आहेत. काही तुझ्या उपयोगाच्या आहेत, काही नुसत्या अस्सलाशी ताडून बघायच्या. कुठल्या सांगू?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं, थोडा विचार केला. "उपयोगाच्याच सांगा."

मग मी सांगितलं. तबकडीवर ३०० मीटर लिहिलंय ती नुसती शाई समज, टिळक तलावावर पोहायला जाशील तेव्हा काढून ठेव. मनगटाला खाज सुटली किंवा लाल चट्टा उठला तर मुलामा निघत असेल, घालणं थांबव. रात्री आठनंतर तारीख हाताने बदलू नकोस, आतल्या चक्राचे दात तुटू शकतात. आणि कधी कुणाला विकायचं मनात आलंच, तर अजिबात विकू नकोस.

"बाकीच्या?" तो दारातून वळून म्हणाला.

"त्या विचारशील तेव्हा."

त्याने मान डोलावली आणि गाडीला किक मारायच्या आधी एकदा मनगट वळवून पाहिलं, किती वाजले ते.